निरंक

एप्रिलचं मासिक विवरण
पाच तारखेच्या आत जिल्हा कार्यालयात पोचलं पाहिजे.
आज चार.
कूलरचा पंप पुन्हा बसला आहे
आणि गोळीबार चौकाकडून येणारी हवा
आधी पत्र्यावर भाजून मग आत येते.

एकूण ग्रंथ : पाच हजार सहाशे एक्केचाळीस.
म्हणजे असायला हवेत.
सात नंबरच्या कपाटामागून उधई वर चढली
आणि तिनं कार्ड न काढता
इतिहासाची खालची रांग वाचून संपवली.
ती पुस्तकं बाद करायला ठराव लागतो,
ठरावाला कोरम लागतो,
कोरम लग्नांना गेला आहे.

दैनिकं अकरा. रद्दी एकोणतीस किलो.
शकूरभाई काटा उचलून हसले,
"मॅडम, तुमच्या पेपरात भोकं फार."
खरं आहे. कुणीतरी रोज
भरतीच्या सराव प्रश्नांचा चौकोन कापून नेतं.
कोण ते मला माहीत आहे, ब्लेड त्याच्या कंपासमध्ये असतं.
मी बोलले नाही. एवढंच केलं,
की आता सकाळी कुलूप काढल्यावर
तो चौकोन मीच कापून ठेवते, पट्टी लावून,
म्हणजे मागच्या पानावरच्या मयताचं
नाक तरी शाबूत राहतं.

वाचनकक्षात रोज सरासरी चौतीस.
त्यातले तीस आमचं एकही पुस्तक घेत नाहीत,
आपापली जाड गाईडं आणतात
आणि आमच्याकडून सावली नेतात.
देवघेवीच्या रकान्यात सावली मांडता येत नाही.
लाइन गेली की सगळे पायऱ्यांवर.
"काहून मॅडम, इन्व्हर्टर कधी येऊन राहिला?"
अनुदानाचा दुसरा हप्ता आला की, मी म्हणते.
ते हसतात.
त्यांना सरकारातच नोकरी हवी आहे.

उपक्रम : एक. पुस्तक दिन, फोटोसह.
फोटोत माणसं कमी पडत होती म्हणून
समोरच्या तर्री-पोह्याच्या गाडीवरचे आठ जण
प्लेटांसकट आत बोलावले.
जाताना एकानं विचारलं,
"कूलर दुरुस्तीचं आहे का एखादं?"
असतं तर मीच नसतं का वाचलं?

सभासद क्रमांक सत्त्याऐंशी, देवाजी धकाते,
फेब्रुवारीत गेले.
परवा त्यांची सून आली, रंजना,
पिशवीत एक कादंबरी
आणि पन्नास रुपये अनामतीची पावती,
शाई जांभळी पडलेली.
पान एकशे बारामध्ये मागावरचा पिवळा धागा.
मी व्हाउचर काढलं. दंडाचा हिशेब केला नाही.
ती बसूनच राहिली, पुस्तक हातात चाळवत.
"यात पुढं काय होते?"
मला सांगता येईना.
बावीस वर्षं मी त्यावर फक्त तारखा मारल्यात.
"मंग पैसे राहू द्या जमा. माझ्या नावानं करा."
धागा काढून देऊ?
"राहू द्या. मी पहिल्या पानापासून येते तिथवर."

महिन्याच्या सुरुवातीचे सभासद : दोनशे बारा.
कमी : एक.
नवीन : एक.
अखेरीस : दोनशे बारा.
शेऱ्यात काय लिहू, मी फोनवर सचिवांना विचारलं.
उकेसाहेब कुठल्यातरी वरातीत होते,
बँडमधून ओरडले, "बदल नाही ना? मग निरंक लिहा!"

लिहिलं. अक्षर जरा मोठं आलं.
शिक्क्याचं पॅड उन्हानं खडखडीत,
कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी बोटानं शिंपडलं
तर ग्रंथालयाचं नाव निम्मंच उमटलं.
चालतं. तिकडे कोण वाचतं?

लिफाफा घेऊन उठले, तर तो कंपासवाला पोरगा
पंपाचं झाकण उघडून उकिडवा बसलेला.
"वायर जळाली, मॅडम. सोलावी लागते.
ब्लेड आहे का तुमच्याजवळ?"

"तुझ्या कंपासमध्ये पाहा," मी म्हटलं
आणि पोस्ट बंद व्हायच्या आत निघाले.