पाण्याच्या रेघेवर हातभर

लिओन्टीनबाईंच्या भिंतीवर एक तपकिरी रेघ आहे.
मागच्या वादळात खाडी इथवर चढली होती.
डारडारनं टेप धरली, रेघेवर हातभर खूण केली.
"चौथरा इथपर्यंत. पाण्याला आपलं माप ठाऊक असतं."

लुइझियानाच्या या टोकाला जमीन म्हणजे
पाण्याकडून उसनी आणलेली वस्तू.
आठ फुटी तांबेरी गज मी हातानंच रेटला,
चार फूट गेला बिनबोभाट,
मग चिकणमाती लागली, घण घ्यावा लागला.
वीतभर उरला तेव्हा मी घाम पुसला.
"अजून," डारडार म्हणाला.
"वीज वितीची सूट देत नाही."

मग उघडी तार, पितळी पकड.
चार बोल्ट, खाली रबरी चकत्या,
पाणसळीतला बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत
त्यानं मला तीनदा कसायला लावले.
धुराचं तोंड उसाच्या बाजूला,
निजायच्या खिडकीपासून लांब:
तो वायू वास देत नाही
आणि झोपलेल्याला उठवतही नाही.

शेवटी स्विच. एकच दांडा.
खांबाची वीज, नाहीतर मशीनची.
दोन्ही एकदम म्हटलं तर लोखंड आडवं येतं.
"लोक काय करतात," तो स्क्रू पिळत म्हणाला,
"दोन्ही टोकांना दात असलेली वायर
भिंतीच्या सॉकेटात खुपसतात.
वीज उलट पावली घराबाहेर पडते,
डब्यातून जाताना हजारांनी फुगते,
आणि वर कुणीतरी असतो,
लाइन मेलीय असं ज्याला सांगितलेलं असतं."

बाई कॉफी घेऊन आल्या. बशीत कप वाजत होता.

त्या वादळाच्या तिसऱ्या रात्री
सबंध बांधावर एकाच घरात उजेड होता. याच.
त्यांचा नवरा ऑक्सिजनवर होता.
खांबावर डारडारचा धाकटा भाऊ, एल्फेज.

हे मला दुकानात कळलं होतं.
इथे कुणी काही बोललं नाही.
बाईंनी साखर पुढे केली.
त्यानं दोन चमचे घेतली.

संध्याकाळी कंपनीच्या माणसानं खांबावरचा फ्यूज काढला.
घर काळं झालं, बेडूक ऐकू आले.
दांडा फिरला. मशीन खोकलं, मग त्यानं सूर धरला,
आत फ्रिज गुरगुरला.

डारडार आत गेला नाही.
खांबाकडे जाणाऱ्या तारांना त्यानं मीटरच्या सुया टेकवल्या,
बाईंना हाक मारली,
आकडा त्यांच्या चष्म्यासमोर धरला.

शून्य.

"पुन्हा बघा," तो म्हणाला.
त्यांनी पुन्हा पाहिलं. बराच वेळ.