गैरहजर

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज, मूत्रपिंडाचा बाह्यरुग्ण विभाग,
सकाळचे सव्वाआठ.
यादीतलं तिसरं नाव मी पुकारलं.
ते नाव इथेही लिहिणार नाही.
पुन्हा पुकारलं, जरा मोठ्यानं.
बाकांवरच्या सगळ्या माना खाली गेल्या.
एक म्हातारी उठून बाहेर निघून गेली.

पाण्याच्या यंत्राशेजारी एक माणूस
गुडघ्यावर टोपी ठेवून बसलेला,
टोपीच्या कडेला लाल धूळ.
त्याला ऐकू येत होतं. मला ते दिसत होतं.
तिसऱ्यांदा पुकारून मी लिहिलं :
गैरहजर.

आधीच्या दोन्ही सोमवारी हेच.
डॉक्टर प्रेन्टिसनी फाइलवर शेरा मारला,
उपचारांना सहकार्य करत नाही.
चहाच्या वेळी आम्ही आणखी भर घातली :
हट्टी. बेफिकीर. दारू असेल.
तिकडे क्रिअ‍ॅटिनिन चढत होतं
आणि आम्ही नावं ठेवत होतो.

दुपारी डॉरीननं मला बाहेर नळापाशी नेलं.
चार भाषा येणारी दुभाषी ती,
त्या दिवशी माझ्याच भाषेत बोलली,
हळू, माझ्याकडे न बघता :
त्याचा चुलतभाऊ गेला, महिना होईल आता.
दोघांचं नाव एकच.
ते आता कुणी घेत नाही.
कुमनजाई म्हण.
ज्याचं नावच गेलं, त्याला तसं म्हणतात.
तू याला नाही गं बोलावत,
भरल्या खोलीत मेलेल्याला हाका मारतेस.

किती दिवस असं? मी विचारलं.
दिवस? ती म्हणाली,
आणि ठिबकणारा नळ घट्ट बंद केला.

संगणकाला नावाची चौकट रिकामी चालत नाही.
मी जन्मतारखेनं शोधायला शिकले.

पुढच्या सोमवारी यादी टेबलावरच ठेवून
बाकापर्यंत चालत गेले,
त्याच्या शेजारी बसले; समोर नाही,
हेही डॉरीननंच सांगितलेलं.
बराच वेळ गप्प.
मागे फोन वाजत होता, वाजू दिला.
मग म्हटलं, कुमनजाई, वजन करू या?
उच्चार चुकला असणार,
कारण ती म्हातारी तोंडावर हात धरून हसली.
त्यानं टोपी डोक्यावर चढवली आणि उठला.

वजन बहात्तर. दोन्ही घोट्यांना सूज,
बोट दाबलं की खळगा राहतो.

जुन्या पानांवर तो शब्द तीनदा आहे,
माझ्याच अक्षरात. खोडला नाही.
खाली आजची तारीख घालून लिहिलं :
तिन्ही वेळा रुग्ण हजर होता.