शेरा

वडाळ्याचं मैदान. मिठागरांकडून येणारा वारा
चेंडू थोडा जड करतो, पण ते कुठे लिहायचं
हे फॉर्मवर छापलेलं नाही.
रकाने आहेत : वेग, अचूकता, पाऊल, खांदा, कोपर,
आणि शेवटी बोटभर रुंदीचा शेरा.

निषादकडे रडार गन आहे, तिपाई आहे,
सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं टिपणारा फोन आहे.
माझ्याकडे प्लास्टिकची खुर्ची
आणि माझगाव डॉकातली एकतीस वर्षं,
जिथे स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून
मूठ कानाला लावायची
आणि सांगायचं, हे अजून किती दिवस फिरेल.

फेक हातातून येत नाही.
मागच्या पायाच्या अंगठ्यातून निघते,
घोट्यातून गुडघ्यात, गुडघ्यातून कमरेत,
कंबर आधी वळते, छाती तिच्या मागून,
हात सगळ्यात शेवटी पोचतो
आणि हार त्याच्याच गळ्यात पडतो.

अकरा नंबर, गोवंडीचा तांबोळी.
पुढचं पाऊल फार लवकर उघडतो,
चेंडू सुटायच्या आधीच याचं तोंड घराकडे.
दुरुस्त होईल. सहा.
चौदा नंबर, उंच, देखणा,
फेकताना फोटोत असल्यासारखा. वेग नाही. चार.
त्याचे वडील कुंपणापाशी मोबाईल धरून उभे.
साडेचार.

मग एकोणीस नंबर. दर्पण वैती.
रडारवर एकशे सव्वीस.
कॅचरच्या ग्लोव्हमधून असा आवाज आला
की शेजारी क्रिकेट खेळणारी पोरं थांबली.
मुंबईत क्रिकेट थांबवणं म्हणजे काय
ते मी सांगायला नको.

निषाद म्हणाला, काका, सापडला.

मी बोललो नाही. विसाव्या फेकीला
कोपर खांद्याच्या रेषेखाली बोटभर उतरलं होतं.
पंचविसाव्या फेकीला दोन बोटं.
चेंडू सुटल्यावर हात मोकळा खाली यायला हवा,
पार समोरच्या गुडघ्याबाहेर;
हा मध्येच आखडत होता,
भाकरी उलटताना तव्याला बोट लागल्यासारखा.
नंतर पाण्याची बाटली उघडली
डाव्या हाताने, झाकण दातांत धरून.

दुखतं?
नाय काका.
सकाळी काय करतोस?
भाऊच्या धक्क्यावर. बर्फाच्या लाद्या. चारपासून.
किती?
तो हसला. मोजत नाय कोण.

निषादने फेक दाखवली, एकेक चित्र सरकवत.
एका चित्रात दंड पुढे निघालेला, मनगट मागे राहिलेलं,
आणि मधलं कोपर
कुणी दुसऱ्याचं आणून लावल्यासारखं.
चित्राला आवाज नव्हता. मला आला.
असं बेअरिंग फिरतं. छान फिरतं.
मग एका पाळीत, कुणी जेवायला गेलेलं असताना, जाम होतं.

दिवाळीनंतर पोराला सतरा पूर्ण.
म्हणजे या गटातली ही शेवटची चाचणी.
निषादने हे दोनदा सांगितलं.
मला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं.

वेग : दहा. पाऊल : नऊ. खांदा : आठ.
कोपर : नुसती रेघ.
शेऱ्यात लिहिलं, सहा आठवडे चेंडू नको. बर्फ तर नकोच.
दुसरं वाक्य खोडलं.
मग बर्फ कोण उचलणार,
त्याला रकाना नव्हता.

काका, किती मार्क?
जेवलास का, मी विचारलं.

एक चेंडू माझ्या खिशात तसाच राहिला.
एकशे आठ टाके असतात, लाल, जपमाळेइतके.
शिवडीपर्यंत चालत मी अंगठ्याने मोजत गेलो,
साठाच्या पुढे कुठेतरी
एक टाका उसवलेला लागला,
तिथे चुकलो.
पुन्हा पहिल्यापासून.