काखेतली कळी

गिकोंबा बाजारात गठ्ठे पहाटे पाचला फुटतात.
थंड देशांनी टाकलेले कपडे
नैरोबीच्या चिखलाकडेला ढीग होऊन बसतात,
ज्याला पारख आहे त्याचा हात आधी पोचतो.
केरुबोचा पोचला. राखाडी कोट, चारशे शिलिंग,
हिरवं अस्तर, तीन बटणं,
चौथ्याची नुसती आठवण.

माझ्या मशीनपुढे ती कोट घालून उभी राहिली,
कुणी सावधान म्हटल्यासारखी.
फुंदी, म्हणाली (कारागिराला इथे फुंदीच म्हणतात),
एक बटण लावा फक्त. बाकी बसतोय ना?

बसतोय. उभ्याला बसतोय.
म्हटलं, आता खाली बस.
बसली, तर पोटावर दोन चुण्या उमटल्या
आणि कपाळावर तिसरी.

विचारलं, ऑफिसात हातांना काम काय?
ती सांगू लागली, विमा कंपनी, दाव्यांचा विभाग,
मुलाखत सोमवारी, दहा वाजता.
ते नाही गं. हातांना काय काम?
वरच्या फळीवरची फाइल काढून दाखव.
फोन खांद्यात धरून लिहून दाखव.
कुणी चुकीचं बोललं तर हात वर करशील ना, तो कर.

हात निम्म्यात अडला.
कोटाने दंड धरला होता, पोलिसाने धरावा तसा.
आणि श्वास सोड. केव्हाची कोंडून उभी आहेस.
वीस मिनिटांची मुलाखत श्वास कोंडून निभते,
तीस वर्षांची नोकरी नाही.

मग कोट उलटा केला.
उलटा केला की कपडा खरं बोलायला लागतो.
डाव्या कोपरावर झीज, आधीची बाई टेबलावर रेलायची.
अस्तरात पेपरमिंटचा कागद
आणि कुठल्याशा बसचं तिकीट, शाई उडालेली.
उजव्या काखेत जुनी उसवण,
काळ्या दोऱ्याने घाईघाईत बुजवलेली.
म्हणजे तिलाही हात वर करायचा होता.
ती कोण, कुठली, देव जाणे,
टाका मात्र मी ओळखतो:
रात्री उशिरा घातलेला,
सकाळी परत हाच कोट घालायचा म्हणून.

खालच्या दुमडीतून दोन बोटं कापड काढलं,
पतंगासारखं कापलं,
दोन्ही काखांत कळी बसवली.
बाहेरून दिसत नाही. दिसली तर मजुरी परत.
खिसे खोटे निघाले.
बायकांच्या कोटांची ही जुनी खोड,
दाराला चौकट आहे, आत घर नाही.
उसवून पिशव्या लावल्या.
मुठीत भाड्याचे सुट्टे घेऊन
कुणी साहेबाशी हात मिळवतं का?

जाता जाता तिने पिशवीतून बूट दाखवले,
बहिणीचे, उसने, बोटभर टाचेवर तोललेले.
मी शिंपी. पायांचं मला विचारू नये.
तरी बोललोच:
टाच दुखायला लागली की माणूस
नको तिथे लवकर हो म्हणतो.

सोमवारची नोकरी मिळाली नाही.
कोटाचा दोष नव्हता. कुणाचा तरी भाचा होता.
दुसरीकडेही नाही.
मधे एकदा मक्याच्या कणसांच्या गाडीपाशी दिसली,
कोट हातावर घडी घालून,
नजर चुकवून गेली. मीही मशीनमध्ये तेल घालत बसलो.

जुलैच्या गारठ्यात आली, अंगात तोच कोट,
पायात सपाट काळे बूट, चालून चालून मऊ झालेले.
सोबत हिशेब विभागातली चेप्कोएच,
तिच्या जाकिटाला तोच आजार, उभ्याला बसणारा.
राहिलेले दीडशे शिलिंग केरुबोने मोजून ठेवले,
खऱ्या खिशातून काढून.

चेप्कोएच म्हणाली, ही बैठकीत हात वर करते,
साहेबांचं बोलणं चालू असताना!
केरुबो हसली, अगदी खांदे हलेपर्यंत,
आणि कोट आडवा आला नाही,
तेवढं मी बघून घेतलं.

हात कशासाठी वर करते, ते विचारलं नाही.
माझं काम काखेपर्यंत.
खडू उचलला, चेप्कोएचला म्हटलं,
बस बघू खाली.