दोन बोटींच्या मधली चाळीस मिनिटं

हीटर बंद केला, कारण तापताना तो टिकटिकतो.
भिंतीवरचं घड्याळ थांबवलं.
मागच्या खोलीतल्या फ्रीजचा प्लग काढला,
त्यात होतं फक्त दूध आणि रविवारचा उरलेला केक.
तरी एयविन हेडफोनवर हात दाबून म्हणे,
अजून काहीतरी गुणगुणतंय.
एकोणतीस वर्षं या चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे;
मला वाटायचं, रिकामं असलं की ते गप्प असतं.

सिग्नीने बोटांची टोकं कापलेले हातमोजे घातलेले.
चेलो गुडघ्यांत धरलेला,
अंघोळीनंतर पोराला धरावं तसा.
मी म्हणालो, दोन वीसची बोट गेली
की तीनपर्यंत फियॉर्ड तुमचा.
तीनला ती परत येते,
आणि भोंगा दिल्याशिवाय त्या कप्तानाला राहवत नाही.

माझं काम एवढंच:
दारापाशी बसणं,
आणि नसणं.

पहिल्यांदा थंडीने तार उतरली.
दुसऱ्यांदा छपरावरचा बर्फ घसरला, धप्प.
तिसऱ्यांदा काहीच झालं नाही,
तर तिनेच मान हलवली. नको.

चौथ्यांदा तिने डोळे मिटले.
ही चाल मी लग्नांत ऐकलीय, फिडलवर,
पाय आपटत, बिअर सांडत धावणारी.
चेलोवर ती म्हातारी झाली होती,
दर पायरीला थांबून
मागे वळून पाहणारी.
माझा एक कान करवतीच्या कारखान्यात गेला.
पण सगळ्यात खालची तार मला
कानातून नाहीच कळली,
बाकाच्या फळीतून कळली,
कमरेतून वर चढत.

मग भोंगा.
वायरी गुंडाळल्या, थर्मासमधली कॉफी संपवली,
त्यांची गाडी वळणाआड गेली.
घड्याळ सुरू करायचं मी विसरलो.
रविवारी धर्मगुरूंचं प्रवचन आटपेना,
ते वर बघायचे, आणि अजून दोन अठराच.

मे महिन्यात सीडी आली, सोबत चिठ्ठी:
'चौथ्या रचनेच्या शेवटी, सूर विरता विरता
तुमच्या चर्चचं जुनं लाकूड एकदा कुरकुरतं.
आम्ही ते मुद्दाम राहू दिलंय.'

चांगला कान स्पीकरला लावून
तीनदा ऐकलं.
लाकूड कसलं.
माझा डावा गुडघा तो.
उठून उभा राहिलो होतो मी,
कुणी सांगितलं नसताना.

अजून कळवलेलं नाही त्यांना.