नावाचं भाडं

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिका चौकाचौकांत दोर बांधते, माणसांना धरायला.
तसंच धरून होते मी आजोबांचं नाव,
लुका त्रुतानिच,
अकरा वर्षं, एकेका कागदातून.

जहाजाची यादी आधी सापडली. जेनोआ, मार्च एकोणीसशे नऊ.
वय बावीस. धंदा पाथरवट.
खूण: डाव्या करंगळीचं एक पेर नाही.
मला हसू आलं. फिलोमेना आत्या शपथेवर सांगायची,
करंगळी इथेच गेली, मेंढ्या कातरताना,
आणि आजोबा ऐकून न ऐकल्यासारखे
शेगडीकडे बघत बसायचे.

मग पोलाच्या आरमाराचं दप्तर आलं,
जर्मन वळणाचं, मुंगीच्या पायांचं अक्षर.
त्रुतानिच, लुका. भट्टीवाला.
उंची, छाती, दात. दोन्ही हात शाबूत.
विषमज्वर. नोव्हेंबर, आठ साल. दफन, रांग सहावी.

मी उठले, चहा केला, प्यायले नाही.

त्याच पानावर, दोन ओळी खाली,
त्याच भट्टीवरचा श्पिरो निझेतिच:
डाव्या करंगळीचं एक पेर नाही.
रजेवर गेला. परतला नाही.
पुढे लाल शाईची रेघ.
एवढीच नोंद माझ्या रक्ताची.

थडग्यावर लुका. माझा भाऊ लुका, त्याचा नातू लुका,
पोराच्या फुटबॉलच्या जर्सीवर पाठभर त्रुतानिच.
बावीस वर्षांच्या एका मेलेल्या पोराला
आम्ही केवढा गोतावळा चिकटवला,
त्याला न विचारता.

मनीऑर्डरच्या पावत्या बिस्किटांच्या डब्यात आहेत.
दर वर्षी, लोकर विकली की, एकच पत्ता:
मारे त्रुतानिच, विधवा, सेल्त्सा, ब्राच बेट.
आम्ही म्हणायचो, काय तो आईवर जीव!
ती बाई त्यांची कोणी नव्हती.
तिला आरमाराचं पत्र गेलं असेलच ना?
मुलगा सहाव्या रांगेत आहे हे ठाऊक असून
ती दर वर्षी अंगठा उठवत होती?
की पोस्टमनच्या तोंडून ते नाव
वर्षातून एकदा ऐकायचं, एवढ्यासाठीच?

शेवटची पावती सव्वीस सालची, परत आलेली.
शिक्का: घेणारी मयत.
तिच्याखाली नोटा, सुतळीनं बांधलेल्या.
मंदीतही आजोबांनी त्या मोडल्या नाहीत,
आत्याच्या पायात जोडे नव्हते तेव्हाही.

मी आज मोजल्या. सदतीस पेसो.
कधीच बाद झालेले.
सुतळी पुन्हा बांधताना
त्यांची गाठ मला जमेना.