हातात काय द्यायचं

तुमसरचा मूर्तिकार दुसऱ्यांदा आला
तेव्हा मातीचा चिंधू कोपरापर्यंत झाला होता.
पुढे नुसत्या तारा.
"हातात काय द्यायचं ते ठरवा एकदाचं," म्हणाला,
"मले पुढं लाखनीची ऑर्डर हाय."

समितीची बैठक बोडीच्या पाळीवर भरली, मोहाखाली,
कारण समाजमंदिरात धानाची पोती होती.
रजिस्टर माझ्याकडे. मी लिहीत गेलो.

उपसरपंच म्हणाले, तलवार.
मागून कोणी म्हणालं, चिंधूनं जन्मात तलवार पाहिली नव्हती,
विळा पाहिला होता, तोही मालगुजाराचा.
मग मशाल निघाली. मग काठी.
अंगणवाडीच्या बाई म्हणाल्या, वही.
ते पटलं सगळ्यांना.

आधीची दोन पोरं गेली म्हणून
मायनं सुइणीकडून चिंधी देऊन विकत घेतलेला चिंधू
पन्नाशीला टेकल्यावर बाराखडी शिकला,
गुराख्याच्या पोराकडून, चुलीच्या राखेत बोट फिरवत,
एवढी एकच वही वाचता यावी म्हणून.
दोन कुडो धान, त्याचे चार, चाराचे नऊ,
बापाच्या अंगठ्याची शाई वाळायच्या आत
खाली लेकाचा अंगठा.
पोळ्याला, बैल तोरणाखाली उभे असताना,
ज्या दिवशी बैलालाही जू नसतं,
त्यानं ती वाचली, नावानिशी, मोठ्यानं,
आणि दर नावापाशी थांबून म्हणाला: फिटलं.
पोळा फुटला तेव्हा गडीही फुटले.
दुसऱ्या दिवशी मालगुजाराच्या बांधीत कोणी उतरलं नाही.

त्याला कोणी मारलं नाही.
झोपडी जाळली. पुढे शिंगाडे विकत म्हातारा झाला.
उपसरपंचांची तिथे जरा अडचण होते.

मी "वही" लिहिलं आणि खाली रेघ मारणार,
तेवढ्यात पुस्तकलाबाई उठल्या. ऐंशीच्या पुढच्या.
"दोर द्या त्याच्या हाती."

कोणाला कळेना.

"मालगुजाराच्या कोठीची किल्ली चिंधूच्या कमरेले कायले होती?
इश्वास होता म्हून. इश्वास कायचा?
पळालेले गडी धरून आने म्हून.
माह्या बापाले, दसरूले, त्यानंच आनलं
वैनगंगेच्या रेतीतून, बकरी आनतेत तसं.
मनगटाचा वण मी बोटानं चाचपला हाय, लहानपनी."

बोडीत एक मासळी उसळली.
उपसरपंच हळूच म्हणाले, गुरुजी, हे लिहू नका.

"मंग दर बजाराच्या दिवशी तो आमच्या आंगनात येऊन बसे.
मायनं पानी नाई देलं. बाप बोले नाई.
सात वरसं.
एक दिवस बापानंच इचारलं,
वहीत माह्या नावापुढं काय लिवलं हाय?
तो बोलला, मले वाचता येत नाई.
बाप बोलला, मंग शीक."

एवढं सांगून त्या खाली बसल्या,
लुगड्यावरचं मोहाचं फूल झटकत.

मी वर्गात पोरांना वीर शिकवतो: जन्म, कार्य, मृत्यू,
जोड्या लावा.
दसरू कोणत्या रकान्यात जातो?
आणि ती सात वर्षं, ज्यांत काहीच घडलं नाही,
एक माणूस दुसऱ्याच्या अंगणात बसला,
त्याला पाणी मिळालं नाही
आणि पुढच्या बाजारी तो परत आला?

मी लिहिलं. सगळं. "वही" खोडली नाही,
तिच्याखाली "दोर" लिहिलं.

मूर्तिकार तारा वाकवत म्हणाला,
"दोराचं दुसरं टोक कुठं नेऊ? कोनाले बांधू?"
उपसरपंचांनी बोडीकडे पाहिलं. मी रजिस्टराकडे.

"मोकळं सोड," पुस्तकलाबाई म्हणाल्या.
"पन गाठ सुटली तरी दोराले पीळ राहते तिथं.
तो करता येईन का तुले?"

तो बराच वेळ ओली माती चोळत बसला.
पाहतो, म्हणाला.